पायासाठी बूट की बुटासाठी पाय?

नवा जोडा काही दिवस चावणारच, असे आपण मुलांना सांगतो आणि ती निमूटपणे लंगडत शाळेत जातात. बहुतेक वेळा आपले म्हणणे खरे ठरते; चामडे सैलावते, कातडी निबर होते आणि तक्रार विरून जाते. कधी मात्र जोडा चावायचा थांबत नाही आणि मूल आपली चालण्याची ढबच बदलून टाकते. पहिल्या प्रसंगी ‘सोस’ हा सल्ला शहाणपणाचा होता. दुसऱ्या प्रसंगी तोच सल्ला अन्यायाचा ठरला. मग या दोन प्रसंगांतला भेद वेळीच ओळखायचा कसा? आयुष्यात जे जे आवळते, टोचते, रुतते, त्यातले काय सोसावे आणि काय दुरुस्त करून घ्यावे, हा नीतिशास्त्रातला फार जुना आणि आपल्या घराघरांत रोज उभा राहणारा प्रश्न आहे.

त्याचा विचार करण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ या. ते आपल्या हवामानातले नाही; परंतु त्यात हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे मांडला जातो तितका क्वचितच अन्यत्र मांडला जात असेल. हे उदाहरण म्हणजे बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येणाऱ्या निष्णात स्कीपटूच्या पायातला बूट.

ऑस्ट्रियाच्या पश्चिम भागात आर्लबर्ग नावाची खिंड आहे. हाइनरिश फिंडेलकिंड नावाचा एक अनाथ गुराखी तेथे डुकरे राखीत असे. बर्फात गाडले गेलेले वाटसरू वसंतात मृतावस्थेत सापडत, हे पाहून त्याचे मन द्रवले आणि १३८६ साली त्याने खिंडीत एक आश्रयगृह उभारले. संत ख्रिस्तोफरच्या नावाच्या त्या वस्तीतच १९०१ साली आर्लबर्ग स्की क्लबाची स्थापना झाली. ज्या बर्फाने माणसे मारली, त्याच बर्फावर माणूस आनंदाने विहार करायला शिकला. तेथून जवळच असलेल्या लेख या गावी श्ट्रोल्त्स नावाच्या चर्मकार घराण्याची पेढी १९२१ सालापासून आहे आणि ग्राहकाच्या पायाबरहुकूम स्कीचे बूट बनवून देण्याबद्दल तिची ख्याती आहे. पूर्वी हे बूट चामड्याचे असत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि काही वर्षांतच चामडे मागे पडले. चामडे कालांतराने पायापुढे नमते घेते; प्लास्टिक सहसा घेत नाही. त्यामुळे बूट पायाला नीट बसवणे ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली.

या बुटाचे मुख्य भाग तीन. बाहेर कठीण प्लास्टिकचे कवच, आत मऊ फेसाळ पदार्थाचे अस्तर आणि पावलाखाली तळपट्टी. उतारावरचा वेग मोठा असतो आणि वळण घ्यायचे ते पावलाच्या, नडगीच्या अगदी लहानशा हालचालीने. ती हालचाल तत्क्षणी स्कीच्या धारेपर्यंत पोचली पाहिजे. पाऊल बुटात किंचित जरी सरकले, तरी मनातला निर्णय आणि बर्फावरचे वळण यांत अंतर पडते, आणि कड्याच्या काठाशी त्या अंतराची किंमत फार मोठी असू शकते. म्हणून निष्णात स्कीपटूचा बूट घट्टच असावा लागतो. त्याच्या बाबतीत घट्टपणा हीच स्वातंत्र्याची अट असते.

येथे पहिला मोह उभा राहतो. दुकानाच्या गालिच्यावर उभे राहून बूट घालून पाहताना मोठा बूट सुखद वाटतो. बोटे मोकळी, टाच निवांत. ग्राहक खूष, विक्रेताही खूष. परंतु अस्तर वापराने दबत जाते. काही दिवसांतच तो सुखद बूट सैल होतो, टाच वर उचलली जाऊ लागते, पाऊल पुढेमागे घसरू लागते. आधार शोधण्यासाठी पायाची बोटे आपोआप आत वळून तळ घट्ट धरू पाहतात आणि तळव्यात गोळे येतात. मग स्कीपटू बकले करकचून आवळतो. त्यामुळे पायाच्या वरच्या भागावरील नसा व रक्तवाहिन्या दबतात, बोटे बधिर होतात. तो म्हणतो, ‘बूट फारच घट्ट आहे!’ वस्तुतः तो फारच सैल असतो. ज्याने घट्टपणा टाळला, त्याच्याच नशिबी अखेरीस अधिक आवळणे आले. शिस्त नको म्हणून प्रत्येक बंधन सैल करीत गेलेल्या आयुष्याची, आणि पुढे भयापोटी एकाएकी करकचून आवळलेल्या नियमांची, ही किती हुबेहूब प्रतिमा आहे!

दुसरा मोह याच्या अगदी उलट आहे. बुटाच्या कवचाचा कडकपणा अंकांनी दर्शवतात. नवशिक्यांसाठी तो कमी, तर बलवान व कुशल स्कीपटूंसाठी १२०, १३० किंवा त्याहून अधिक. एका कारखान्याचा १२० हा दुसऱ्याच्या १२० इतकाच असतो असे नाही, कारण या अंकाचे सर्वमान्य माप नाही. तरीही अनेकजण तो अंक पदकासारखा मिरवतात. घोटा पुरेसा वाकत नसताना अतिकडक बूट घेतात, वेदना सोसतात आणि सोसण्यालाच कौशल्य समजतात. ‘खरा स्कीपटू हे सहन करतोच,’ असे म्हणण्यात एक सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. पहिला माणूस सुखाला भुलला, दुसरा दुःखाला भुलला. बूट पायाला बसला आहे की नाही, हे मात्र दोघांनीही पाहिले नाही.

उत्तम कारागीर काय करतो? तो प्रथम पाय पाहतो. दोन्ही पाय निरनिराळे मोजतो, कारण ते क्वचितच सारखे असतात. अस्तर काढून नुसत्या कवचात पाऊल घालायला लावतो, बोटे पुढे टेकवतो आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहतो. निष्णाताच्या बाबतीत ती साधारण १ ते १.५ सेंटिमीटर असावी, शर्यतीतल्या खेळाडूची त्याहूनही कमी. मग अस्तर घालून, एकच पातळ मोजा चढवून उभे करतो. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे लागतात. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटांना जागा मिळते. घटकाभर तसेच थांबायला सांगून तो विचारतो : सगळीकडून सारखे धरल्यासारखे वाटते, की एकाच जागी टोचते?

सारा विवेक या एका प्रश्नात आहे. सर्व बाजूंनी सारखा असलेला दाब हा आधार असतो. दृढ हस्तांदोलनात असतो तसा. एकाच हाडावर येणारी कळ, मुंग्या, बधिरता ही इजेची पूर्वसूचना असते. पहिल्याची सवय होते आणि व्हावी. दुसऱ्याची सवय होत नाही. झालीच तर ती संवेदना मेल्याची खूण असते. शिवाय दुखते तेथेच दोष असतो असेही नाही. बोटे बधिर होण्याचे मूळ पावलाची कमान खचण्यात असू शकते. मग तळपट्टीने कमानीला आधार देताच बोटे मोकळी होतात.

आणि जेथे हाड खरोखरच कवचाला भिडते, तेथे कारागीर अख्खा बूट मोठा करीत नाही. नेमकी तेवढीच जागा तापवून तो बाहेर फुगवतो किंवा आतून घासून पातळ करतो. बाकीचा घट्टपणा तसाच राहतो. मात्र एका भागाच्या बाबतीत त्याचे हात बांधलेले असतात. बुटाच्या तळाची पुढची व मागची कड स्कीवरच्या बंधनात अडकते आणि पडण्याच्या क्षणी त्या बंधनाने पाय सोडला तरच हाडे वाचतात. म्हणून त्या कडांचे माप आयएसओ ५३५५ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे. पायांच्या ठेवणीसाठी तळ तिरका तासावा लागला, तरी त्या कडा पुन्हा मूळ मापात आणाव्याच लागतात. अस्तर व तळपट्टी ज्याची त्याची, कवच गरजेपुरते बदलता येणारे, तळाची कड सर्वांसाठी एक!

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात मिलो नावाच्या मल्लाचे उदाहरण येते. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून प्रत्येकाला सहाच वाढावे असे होत नाही. मिलोला ते अपुरे आणि आखाड्यात नुकत्याच आलेल्या पोराला जास्त. योग्य मध्य हा गणिताने निघत नाही, तो त्या त्या माणसाच्या संदर्भात शोधावा लागतो. त्याच ग्रंथात पुढे लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा उल्लेख आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते. कायदा सर्वसाधारण असतो, प्रसंग विशिष्ट असतात. म्हणून न्यायाला अशा वळणाऱ्या पट्टीची गरज असते, असे ॲरिस्टॉटल सुचवतो. संत थॉमस अक्विनास यांनी हाच विचार पुढे नेला आणि नियमाच्या शब्दापलीकडे जाऊन त्याचा हेतू साधणाऱ्या या वृत्तीला सद्गुणांत स्थान दिले. ती न्यायातली पळवाट नव्हे, न्यायाचाच एक भाग होय.

पोप जॉन पॉल दुसरे हे स्वतः स्कीपटू होते. १९८४ सालच्या जुलै महिन्यात, पोपपदावर असताना, इटलीच्या आदामेल्लो हिमनदीवर ते स्की करायला गेले. इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी तेव्हा त्यांच्यासोबत होते. याच पोपमहोदयांनी १९९३ साली ‘व्हेरितातिस स्प्लेंडोर’ या परिपत्रकात स्वातंत्र्य आणि नियम यांचे वैर नाही, असे आग्रहाने प्रतिपादिले आणि काही कृत्ये कोणत्याही परिस्थितीत अयोग्यच असतात, हेही निक्षून सांगितले. ही झाली तळाची कड. पुढे २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये प्रत्येकाच्या परिस्थितीचा विवेकाने, सोबत चालून विचार करण्याचे आवाहन केले. हे झाले कवचाचे काम. या दोन शिकवणुकी परस्परांविरुद्ध उभ्या करून वाद घालणाऱ्यांनी एकदा त्या कारागिराचे हात पाहावेत. एक हात कडेचे माप तपासतो, दुसरा हाडाजवळचे प्लास्टिक तापवतो. बूट एकच असतो.

हा सारा विचार पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या अंगणात येऊ या. विवाह, मातृत्व, धर्मगुरूचे ब्रह्मचर्य, आजारी वडीलधाऱ्यांची सेवा ही सारी घट्ट बंधने आहेत. पहिल्याच हिवाळ्यात ‘हे आवळते’ म्हणून ती उतरवून ठेवणाऱ्याला उतारावरचा आनंद कधीच कळणार नाही. परंतु नवऱ्याचा मार खाणारी एखादी भगिनी आधाराच्या आशेने कोणाकडे जाते, आणि तिला सांगितले जाते, ‘बाई, हा तुझा क्रूस आहे, तो वाहा.’ हे सांगणाऱ्याने सर्व बाजूंचा दाब आणि हाडावरची कळ यांत गल्लत केली आहे. ख्रिस्ताने क्रूस स्वेच्छेने, प्रेमापोटी उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर तो लादणाऱ्यांची भूमिका शुभवर्तमानात कोणाकडे आहे, हे आपण जाणतो. ख्रिस्तसभेचा नियमही येथे निष्ठुर नाही. १९८३ च्या धर्मनियमसंहितेचे कलम ११५३ सांगते की, जोडीदारामुळे शरीराला, आत्म्याला वा मुलांना गंभीर धोका उत्पन्न झाल्यास विभक्त राहण्यास न्याय्य कारण मिळते. ‘आमोरिस लेतित्सिया’ तर असे विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही असू शकते, असे म्हणते. विवाहाचे बंधन तेथे मोडलेले नसते. कड जिथल्या तिथे असते. फक्त हाड मोडू नये म्हणून कवच दूर केलेले असते. हे ठाऊक नसलेल्या भगिनी आपल्या धर्मग्रामांत आजही असतील, तर त्यांना ते सांगण्याचे दायित्व कोणाचे?

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. स्वतःचा बूट स्वतःच बसवणे निष्णात स्कीपटूलाही अवघड जाते. कळ त्याची असते, परंतु कळीचे मूळ दुसऱ्याला दिसते. म्हणून तेथे दोघांची गरज आहे : खरे बोलणारा पाय आणि ऐकून घेणारा हात. दुखत असूनही ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला कोणताही कारागीर वाचवू शकत नाही. आणि ‘होईल सवय’ म्हणून प्रत्येकाला वाटेला लावणारा कारागीर त्या नावाला पात्र नाही. पापनिवेदनाच्या खिडकीशी, आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे, अगदी स्वयंपाकघरात आईशी बोलतानाही हेच दोघे आमनेसामने असतात.

चांगला कारागीर काम झाल्यावरही ग्राहकाला सांगतो की, दोन-तीन दिवस डोंगरावर जाऊन ये आणि पुन्हा मला भेट. कारण दुकानात उभा असलेला पाय आणि उतारावर झुंजणारा पाय यांत फरक पडतो. बूट पहिल्याच दिवशी अचूक बसवण्याची प्रतिज्ञा तो करीत नाही; दार उघडे ठेवण्याची करतो. आपल्याकडे सल्ला घेऊन गेलेल्या किती जणांना आपण असे म्हटले आहे? ‘सोस’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कदाचित त्यालाच आहे, ज्याने आधी गुडघे टेकून समोरच्याचे पाऊल हातात घेतले आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांची पावले अशीच हातात घेतली होती. उतार त्यानंतर सुरू झाला.