ठेच, काटा आणि सीटबेल्टची टिंगटिंग

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचं वर्णन केलं आहे. सहाव्या समासात आध्यात्मिक ताप येतो, सातव्यात आधिभौतिक आणि आठव्यात आधिदैविक. त्यातला सातवा समास वाचताना आजचा वाचक थबकतो, कारण तिथली दुःखं अगदी रोजची आहेत. पायाला लागलेली ठेच, रुतलेला काटा, गांधीलमाशी, मुंगी, डास. मोक्षाची वाट दाखवणाऱ्या ग्रंथात डासालाही जागा मिळाली आहे. सांख्यकारिकेवरच्या गौडपादांच्या भाष्यातही याच तापाखाली डास, उवा आणि ढेकूण येतात. त्रास लहान आहे म्हणून तो विचारातून वगळावा, असं या परंपरेला कधी वाटलं नाही.

म्हणूनच नवी एसयूव्ही घेतलेल्या माणसाचे बारीकसारीक वैताग हा तत्त्वज्ञानाचा विषय होऊ शकतो. तो व्हायलाही हवा, कारण देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक आता याच वर्गातल्या असतात आणि त्यातल्या पुष्कळशा चाकण, नाशिक, रांजणगावच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त धरून गाडी दारात येते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सोसायटीत पेढे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिली चक्कर देवळापर्यंत. हा आनंद खरा असतो. त्यामागे कित्येक वर्षांची बचत आणि पुढच्या पाच-सात वर्षांचे हप्ते असतात.

मग तक्रारी सुरू होतात. सीटबेल्ट लावेपर्यंत टिंगटिंग थांबत नाही. शेजारच्या सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली तरी गाडी तिथे माणूस बसलाय असं समजून ओरडते. ताशी ८० किलोमीटरच्या वर काटा गेला की बीप. पार्किंगमध्ये मागे घेताना भिंत हातभर लांब असतानाच सेन्सर कर्कश होतो. गाडीला लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा पुसट झालेल्या पट्ट्या शोधत स्टिअरिंगला हिसका देते. एसीचा झोत बदलायला स्क्रीनवर तीनदा बोट लावावं लागतं, आणि तेवढ्यात समोरून रिक्षा आडवी येते. चकचकीत काळ्या पॅनेलवर प्रत्येकाच्या बोटांचे ठसे उमटतात. आणि एके दिवशी सकाळी मागच्या दारावर पहिला ओरखडा दिसतो.

ओरखड्याचं दुःख सगळ्यात जास्त आणि सगळ्यात निराधार. तोच ओरखडा शेजारच्या गाडीवर असता तर नजर त्यावरून सहज घसरली असती. आपल्याच जुन्या गाडीवर असता तर तो कधी पडला हेही आठवलं नसतं. पत्रा तोच, रंगाचा थर तोच. दुखतं ते ‘माझं’ आणि ‘नवं’ या दोन भावनांपाशी. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात परिणामदुःख सांगितलं आहे. सुखाची गोडी लागली की ते टिकावं ही ओढ येते, आणि त्या ओढीत दुःख आधीच तयार असतं. सीटवरचं प्लास्टिकचं आवरण महिनोन् महिने न काढणारा माणूस हेच परिणामदुःख भोगत असतो. सीट खराब होईल या भीतीपोटी तो आजच खराब सीटवर बसतो.

मिशिगन विद्यापीठात नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीमालकांवर केलेला एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. गाडी चालवताना सर्वसाधारणपणे कसं वाटतं, असं विचारलं तेव्हा महागड्या गाड्यांच्या मालकांनी अधिक आनंद सांगितला. पण अगदी अलीकडच्या एका फेरीत प्रत्यक्ष कसं वाटलं, असं विचारल्यावर गाडीची किंमत आणि मनाची स्थिती यांचा संबंध उरला नाही. कारण साधं आहे. गाडी चालवताना माणूस गाडीचा विचार करतच नाही. तो पुढच्या ट्रकचा, मुलीच्या क्लासच्या वेळेचा, साहेबांच्या फोनचा विचार करतो. गाडीच्या किमतीमुळे मिळणारं सुख गाडीकडे लक्ष असतं तेवढा वेळच मिळतं. ओरखडा, ठसा, आवाज मात्र लक्ष पुन्हा पुन्हा गाडीकडे ओढतात. सुख मागे सरून निमूट बसतं आणि वैताग रोज हाक मारतो, अशी ही विषम वाटणी आहे. माणूस कृतघ्न आहे म्हणून ती होत नाही. लक्ष द्यायची मनाची रीतच तशी आहे.

एपिक्टेटस या रोमन काळातल्या तत्त्वज्ञाने यावर सरळ उपाय सांगितला होता. तो स्वतः गुलामीत जन्मलेला, त्यामुळे मालकीच्या सुखाबद्दल बोलायचा त्याला अधिकार होता. त्याच्या छोट्या हस्तपुस्तिकेत थोडं तेल सांडल्याचं उदाहरण आहे: तेल सांडलं, तर मनःशांती एवढ्या किमतीला मिळते असं समजावं आणि पुढे चालावं. ओरखड्यापुरता हा उपाय पुरेपूर लागू पडतो. रंगाचा तो थर शांत मनापेक्षा मोलाचा नाही.

अडचण त्यापुढे येते. विरक्तीचा हाच उपदेश यादीतल्या बाकीच्या वैतागांना लावला, सगळंच मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं, तर मोठी चूक होते. सीटबेल्टची टिंगटिंग मनाने निर्माण केलेली नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारी यंत्रणा, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. म्हणजे तो आवाज कायद्याने, पुष्कळ मृत्यू मोजून झाल्यावर, गाडीत बसवला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार एकट्या २०२१ मध्ये बेल्ट न लावलेली १६,३९७ माणसं अपघातांत गेली. त्यात ८,४३८ चालक होते आणि ७,९५९ शेजारी किंवा मागे बसलेले.

आणि आपण त्या आवाजाचं काय केलं? बेल्टच्या खाचेत अडकवायची एक धातूची पट्टी बाजारात आली. ती अडकवली की बेल्ट लावला आहे असं गाडीला वाटतं आणि आवाज बंद होतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारपेठांना अशा क्लिपांची विक्री थांबवायचा आदेश दिला, तेव्हा १३,११८ नोंदी काढून टाकाव्या लागल्या. कित्येक मालक क्लिपसुद्धा घेत नाहीत. बेल्ट पाठीमागून फिरवून खाचेत अडकवतात आणि त्यावर टेकून बसतात. लाखो रुपये मोजून घेतलेल्या सुरक्षित गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सोय अशी निकामी केली जाते, फक्त कानाला त्रास होतो म्हणून. एअरबॅग तर बेल्टसोबत काम करायलाच बनवलेली असते. बेल्ट नसताना पुढे फेकल्या गेलेल्या शरीराला तीच इजा करू शकते.

इथे ताप आणि त्याचं मूळ यांतला फरक नीट पाहायला हवा. सांख्यकारिकेची पहिलीच कारिका सांगते की तीन दुःखांच्या आघातातून ती घालवायच्या उपायाची जिज्ञासा उत्पन्न होते. आघात झाला की माणसाने शोधाला लागावं, ही अपेक्षा आहे. क्लिप लावणारा आघात बंद करतो आणि त्याबरोबर जिज्ञासाही. हा आवाज का होतोय, कुणासाठी होतोय, हा प्रश्न विचारायच्या आधीच त्याला उत्तर नकोसं झालेलं असतं.

डिझेल एसयूव्ही घेतलेल्यांना आणखी एक वैताग ओळखीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळायला धुराचं तापमान बराच वेळ चढं राहावं लागतं. गाडी रोज घर ते ऑफिस एवढंच, सिग्नलला थांबत थांबत चालली, तर तेवढी उष्णता मिळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग मालकाला गाडी काढून महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग पळवावी लागते, नाहीतर सर्व्हिस सेंटरची वाट. रविवारची सकाळ वाया गेली म्हणून तो करवादतो, आणि हा त्रास खरा आहे. पण ती काजळी फिल्टरमध्ये अडकली नसती तर कुठे गेली असती? सिग्नलवर उभ्या असलेल्या हवालदाराच्या छातीत, बसथांब्यावरच्या शाळकरी मुलांच्या नाकात, रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्या बाईच्या फुप्फुसांत. त्या सगळ्यांच्या श्वासाचं रक्षण या दिव्याच्या रूपाने मालकाच्या रविवारात आलं आहे. त्याला मनस्ताप म्हणावं की कर्तव्य?

ओरखडा आणि हा दिवा एकाच यादीत बसतात, एकाच आवाजात त्यांची तक्रार होते, पण ते सारखे नाहीत. पहिल्याचं मूळ ममतेत आहे आणि ममता सैल केली की तो विरतो. दुसऱ्याचं मूळ दुसऱ्या माणसाच्या जिवात आहे. तिथे मालकाने कितीही विरक्त व्हावं, त्या माणसाचा हक्क विरत नाही. चांगल्या विवेकाचं काम हे दोन वेगळे करण्याचं आहे, आणि आपल्याकडच्या विरक्तीच्या उपदेशात नेमकं हेच बहुतेकदा राहून जातं.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात या संदर्भात एक विलक्षण दाखला आहे. लोकरीचा बारीक धागा हातावर पडला तर काही जाणवत नाही. डोळ्यात गेला तर वेदना होते. भाष्यकार म्हणतात, विवेकी माणूस डोळ्यासारखा असतो. ज्ञानी माणसाची कातडी जाड होते, ही आपली सर्वसाधारण समजूत आहे. इथे उलटं सांगितलं आहे. ज्ञान वाढतं तशी संवेदना वाढते. नव्या गाडीचा मालक तिच्या पत्र्याबाबत डोळ्याइतका नाजूक असतो. तोच नाजूकपणा इतरांच्या जिवापर्यंत पोचवता येईल का, हा खरा आध्यात्मिक प्रश्न आहे.

अर्थात गाडीतली प्रत्येक कटकट पवित्र मानायचं कारण नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, आणि गाडी मात्र ८० च्या पुढे गेल्याबद्दल मिनिटामिनिटाला बजावते. नियम पाळणाऱ्यालाही टोकणारी सूचना लवकरच ऐकू येईनाशी होते. स्क्रीनचंही तसंच. ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश नियतकालिकाने २०२२ मध्ये ताशी ११० च्या वेगात एसी, रेडिओसारखी चार साधी कामं करून पाहिली. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. सगळ्यात संथ ठरलेल्या टचस्क्रीन गाडीत ४४ सेकंदांहून जास्त लागले आणि तेवढ्या वेळात गाडीने १,३७२ मीटर अंतर कापलं. युरो एनकॅप या सुरक्षा तपासणी संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मूलभूत गोष्टींसाठी वेगळी बटणं असण्याला गुण ठेवले आहेत. अशा बाबतीत सोसणं हा गुण नव्हे. तक्रार करावी, लेखी करावी.

उरतो सातव्या समासातला सगळ्यात अवघड भाग. सर्व भूतांच्या संयोगातून जो ताप होतो तो आधिभौतिक, अशी समर्थांची व्याख्या आहे. या भूतांत गाडीचा मालकही येतो. त्याला होणाऱ्या तापांची यादी करून झाली. त्याच्यापासून इतरांना होणाऱ्या तापांची यादी अजून कुणी केलेली नाही.

ती करायला गेलं तर माप घेऊन जावं लागेल. जुनी मारुती ८०० रुंदीला १,४४० मिलिमीटर होती. आजची स्कॉर्पिओ-एन १,९१७ मिलिमीटर आहे. जवळजवळ अर्ध्या मीटरची ही वाढ सदाशिव पेठेच्या गल्लीने किंवा दादरच्या जुन्या इमारतीच्या आवाराने कुठून आणायची? ती शेजाऱ्याच्या स्कूटरच्या जागेतून येते, पायी जाणाऱ्याच्या कडेतून येते. उंचीचा हिशेब याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण पावण्याची शक्यता, बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. उंच गाडीतून अगदी जवळचं लहान मूल दिसतही नाही, पुढेही आणि मागेही. पार्किंगचा सेन्सर एवढा कर्कश का असतो, याचं उत्तर इथे आहे.

खंडेनवमीला याच गाडीची पूजा होते. आपल्या हातातलं साधन दुसऱ्यावर कसा परिणाम करतं याचं भान त्या पूजेत पूर्वापार आहे. तिथे शस्त्रं आणि अवजारं शेजारी शेजारी मांडली जातात. त्या दिवशी मालकाने गाडीभोवती एक फेरी मारावी, ओरखडे शोधण्यासाठी नव्हे, तर ती उभी असताना कुणाची वाट किती अडते ते पाहण्यासाठी. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचे पट्टे नव्याने आखायचा, स्कूटर आणि सायकलींसाठी जागा राखायचा आणि लहान मुलांच्या खेळायच्या वेळेत आवारात गाडी न फिरवायचा ठराव मांडायचा झाला, तर तो सगळ्यात रुंद गाडीच्या मालकाने मांडावा. त्याला अनुमोदन मिळायला अडचण येणार नाही.