जुन्या ड्रमचं वय सावकाश वाचताना

ड्रम टेबलावर ठेवा. खाली जाडसर पंचा अंथरा. काठ्या दूर असू द्या, फडकंही नको. जुना लाकडी स्नेअर ड्रम हाती आला की आधी तो पुसून लख्ख करावासा वाटतो. नेमका तोच मोह आवरायचा आहे. वरचा मळ, गंज, पिवळटपणा, एकाच बाजूचा उतरलेला रंग, या सगळ्यावरून त्याचं वय कळणार आहे. पॉलिशचा एक हात फिरला की यातलं निम्मं कायमचं गेलं.

समोर स्लिंगरलँडचा 'रेडिओ किंग' आहे असं धरू. शिकागोच्या या कंपनीने तो १९३० च्या दशकाच्या मध्यावर आणला आणि ड्रमर जीन क्रुपामुळे तो घरोघरच्या ड्रमरांना हवासा झाला. बेनी गुडमनच्या बँडने १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफल केली, तेव्हा ड्रमवर क्रुपाच होता. हे ठाऊक असलं की मन धावतं. हा त्याच वर्षांतला असेल, असाच कुणाच्या तरी हातून वाजला असेल. धावू द्या त्याला थोडं. मग श्वास सोडा आणि फक्त समोर दिसतंय तेवढ्यावर या.

आधी वरची कडी बघा. तिच्यावर कंपनीचं आणि मॉडेलचं नाव कोरलेलं असेल. वाचा, पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कडी बोल्ट सैल करून निघते आणि दुसऱ्या ड्रमवर बसते. त्या नावाने फक्त कडीची ओळख पटते. आता बॅजकडे या. 'शिकागो' लिहिलंय की 'नाइल्स'? स्लिंगरलँडने १९६० च्या सुमारास आपला कारखाना शिकागोच्या शेजारच्या नाइल्स गावी नेला, त्यामुळे हा एक शब्द मोठा फरक करतो. तरी बॅजही कुणी उचकटून दुसरीकडे बसवू शकतं. त्याच्या कडेने नख फिरवा. मधलं भोक कुरतडलेलं आहे का? बॅजच्या बाहेर एखाद्या जुन्या, वेगळ्या आकाराच्या बॅजची पुसट छाया उरली आहे का?

धातूकडे खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटमध्ये नको. निकेलचा मुलामा किंचित पिवळसर, ऊबदार दिसतो आणि जुना झाला की धुरकटतो. क्रोम निळसर, थंड चमकतं. सगळे लग, म्हणजे कडीचे बोल्ट धरणारे बाजूचे ठोकळे, निकेलचे आणि एकच क्रोमचा असेल, तर तो एक मागाहून आलेला पाहुणा आहे. स्क्रूंची डोकीही बघून घ्या. जुन्यांवर बहुधा एकच सरळ खाच असते. मध्येच फुलीची खाच दिसली तर तिथे कुणीतरी दुरुस्ती केली आहे.

आता एक लग काढू या. त्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक लगला चिकटपट्टीवर क्रमांक द्या, कडी सोडवून वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, उतरवा, कारण लगचे स्क्रू आतून असतात, आणि स्क्रू ज्याचा त्याच्या वाटीत ठेवा. लग अलगद उचला. खाली जे दिसेल तिथे थोडा वेळ थांबा. बाहेरच्या पांढऱ्या मोतिया वेष्टणाचा रंग हळदीसारखा झालेला असेल, कारण हे सेल्युलॉइड उजेडाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळं पडतं. लगखालचा तुकडा मात्र कारखान्यातून निघाला त्या दिवशी होता तसा आहे. लगच्या आकाराचा स्वच्छ ठसा आणि त्याच्याभोवती कित्येक वर्षांचा उजेड. हा ठसा आणि हातातला लग तंतोतंत जुळत असतील तर दोघं पहिल्यापासून एकत्र आहेत. ठसा मोठा आणि लग लहान, किंवा उलट असेल, तर मध्ये काहीतरी घडलं आहे.

माझ्या मते खरी गोष्ट आतच असते. पण आधी लाकडाची वरची कड बोटाने हळूच चाचपा. ती गोलसर लागली तर तिचा काळ आठवा. तेव्हा वर वासराचं कातडं ओल्यानेच एका लाकडी वेढ्यावर गुंडाळून ताणत आणि मग ड्रमवर चढवत. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये पॉलिएस्टर फिल्मचं हेड बाजारात आणलं आणि काही वर्षांतच कातडं मागे पडलं. जुन्या शेलांवर, म्हणजे लाकडी कवचांवर, आजचं प्लास्टिक हेड कधी कधी घट्ट बसतं, जबरदस्ती करावी लागते. म्हणून कड तासून बारीक करण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून नाही म्हणा. तासलेलं लाकूड परत येत नाही, आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

टॉर्च घ्या आणि शेलच्या आत तिरपा प्रकाश टाका. रेडिओ किंगचा नामांकित शेल मेपलच्या एकाच अखंड फळीचा असतो. वाफेवर मऊ करून फळी वाकवलेली आणि दोन्ही टोकं तिरकी तासून एकमेकांवर चिकटवलेली. आपला पखवाज खोड कोरून पोकळ करतात. इथे सरळ फळीला गोल व्हायला भाग पाडलं आहे, आणि ती आयुष्यभर पुन्हा सरळ होऊ पाहते. म्हणूनच आत वर आणि खाली लाकडी रिंगा चिकटवलेल्या असतात, तिला धरून ठेवायला. रिंग आणि शेल यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकतो का बघा. सरकला तर सरस सुटला आहे आणि ड्रम हळूहळू लंबगोल होत चालला आहे.

आता सांधा शोधा. लाकडाचे रेषे आडवे, शेलभोवती धावत जातात. त्यांच्यामागे नजर न उचलता फिरा. एका ठिकाणी रेषे तिरप्या ओळीवर तुटतील आणि पलीकडे नव्याने सुरू होतील. असा एकच सांधा दिसला आणि कडेवर थरांच्या रेघा नसतील, तर शेल अखंड फळीचा आहे. कडेवर तीन थर दिसले, मधला काळपट आणि ठिपक्याठिपक्यांचा, तर तो प्लाय आहे. त्या मधल्या थराचे रेषे उभे असतात आणि कडेवर त्यांची टोकं दिसतात, म्हणून तो वेगळा भासतो. अशा शेलवर रेडिओ किंगची कडी असेल, तर मघाशी कडीवर विश्वास का ठेवला नाही ते कळेल.

आतली भोकंही मोजा. बुजवलेली असतील तर कशाने, कोणत्या रंगाच्या लाकडाने? एखादा स्ट्रेनर, म्हणजे खालच्या तारा ताणणारा खटका, बदलला असेल. एखादा लग आधी वेगळ्याच प्रकारचा असेल. युद्धकाळ आठवा. १९४२ नंतर अमेरिकेत वाद्यांत धातू वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त वापरायला मनाई होती, आणि स्लिंगरलँडने रोझवूडचे लग लावून 'रोलिंग बॉम्बर' काढला. युद्ध संपल्यावर ज्यांना ते लाकडी लग आवडेनात त्यांनी धातूचे बसवून घेतले. मला मात्र त्या लगांविषयी फार माया वाटते. टंचाईत कारागिरांनी आपला वकूब पणाला लावल्याच्या त्या खुणा आहेत, आणि त्या फेकून दिल्या गेल्या याचं वाईट वाटतं.

इथे जरा लुडविग या दुसऱ्या ड्रम कंपनीकडे वळू, कारण अनेकांना वर्ष काढायचं म्हणजे क्रमांक बघायचा एवढंच ठाऊक असतं. लुडविगने बॅजवर क्रमांक १९६३ च्या अखेरीस सुरू केले. पुढे ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स एड सलिव्हन शोवर आले, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या ड्रमवरचं लुडविगचं नाव घराघरात दिसलं आणि मागणी अशी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालला. बॅज डब्यातून हाताला येईल तो लागत गेला. त्यामुळे क्रमांक मागेपुढे झाले. आतल्या भिंतीवर लाल शाईने मारलेला तारखेचा शिक्का असेल तर तो जास्त उपयोगी, पण तोही शेलची तारीख सांगतो, ड्रम जोडून विकला गेला त्याची नाही. आतला पांढरा रंग आणि नंतरचा करडा ठिपकेदार लेप यांतही एकदम रेघ मारल्यासारखा बदल नाही. काही काळ दोन्ही चालू होते.

म्हणून 'हा कोणत्या साली बनला' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि प्रत्येक भागाला वेगळं विचारा. तू कधीच्या आधीचा असू शकत नाहीस? शेल, लग, कडी, बॅज, स्ट्रेनर, वेष्टण. सगळ्यांची उत्तरं एका वर्षावर येणार नाहीत. एवढी वर्षं वाजलेलं वाद्य असंच असतं. कुणाच्या हातून कडी वाकली, कुणाला जास्त कडक तारा हव्या होत्या. लग झिजला तेव्हा दुकानात जो मिळाला तो बसवला. हे दोष समजू नका. त्या ड्रमरांना उद्या संध्याकाळचा कार्यक्रम करायचा होता.

शेवटी एक कार्ड घ्या आणि पेन्सिलीने लिहा: 'शेल अखंड मेपल, मूळ. लग मूळ, आठही. वरची कडी नंतरची. स्ट्रेनर बदललेला, जुनी दोन भोकं बुजवलेली. अंदाज: १९३० च्या दशकाचा शेवट ते युद्धाच्या आधी.' खाली आजची तारीख घाला. कार्ड आतल्या बाजूला चिकटवू नका, गोंदाचा डाग पडतो. पाकिटात घालून केसमध्ये ठेवा. स्क्रू त्यांच्या त्यांच्या जागी परत लावा, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळत. आता काठ्या घेतल्यात तरी चालेल.