एक टाळी
डिसेंबरात आम्ही पाचजणी डभोईजवळच्या वढवाणा तलावापाशी कॉटेजवर राहिलो. २०२१ पासून हे रामसर स्थळ आहे. पहाटे काठावर पट्टकादंब शांत बसलेले दिसले. हिमालय ओलांडून येणारे हे पाहुणे! उडताना फोटो मिळावा म्हणून एकीने टाळी वाजवली. थवा उडाला, फोटो छान आला, आम्ही सगळ्या हसलोही.

चहा घेताना कुणीतरी म्हणालं, "घरी दमून आलेल्या पाहुण्याला असं उठवलं असतं का गं?" सगळ्या गप्प. हात उगारला नाही म्हणजे दुखवलं नाही, असंच आपण धरून चालतो. पण आपल्या आनंदाची किंमत दुसरं कुणी मोजतंय का, हे बघायचं राहूनच जातं.

दुसऱ्या दिवशी नुसतं बसून पाहिलं. फोटो एकही नाही, पण मन भरलं. घरातही आपल्या हौसेपायी अशी टाळी कुणासाठी वाजते का? आपण सगळ्यांनीच विचार करूया.