पहिल्या दिवसाचा आकडा

सावकाश बसा. पाठ टेकलीत तरी चालेल. डोळे मिटायची सक्ती नाही. मिटले तर पुढचं वाचणार कसं? एक हात छातीवर ठेवा. ठोके मोजू नका, नुसते हाताला लागू द्या.

आता मन पोटातल्या, दिवस भरलेल्या बाळाकडे न्या. त्याचंही हृदय चालू आहे, मिनिटाला ११० ते १६० ठोके. फुप्फुसं मात्र पाण्यानं भरलेली. श्वासाचं काम वार करते. शुद्ध रक्त नाळेतल्या एका शिरेतून येतं, वापरलेलं दोन रोहिण्यांतून परत जातं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छिद्र आहे आणि बाहेरच्या दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक आडवाट. त्यामुळे बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालूनच निघून जातं. भार जास्त उजव्या बाजूवर. डावी जरा निवांत.

इथे थोडं थांबा. घाई नाही.

मग कळा सुरू होतात. गर्भाशय आवळलं की वारेकडे येणारं रक्त क्षणभर रोडावतं, सैल पडलं की पुन्हा वाहू लागतं. असं कितीदा तरी. शेवटी बाळ बाहेर येतं, रडतं, छातीत हवा शिरते आणि फुप्फुसांतल्या वाहिन्या मोकळ्या होतात. नाळेला चिमटा बसतो, वारेचा सोपा रस्ता बंद होतो. आता सगळ्या अंगाला रक्त पुरवायचं, ते डाव्या कप्प्यानं.

ताणलेली हृदयाची भिंत अशा वेळी एक प्रथिन सोडते. त्याचे दोन तुकडे होतात. बीएनपी हा कामाचा तुकडा. तो वीसेक मिनिटांत निम्मा होतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी, त्याला काम असं नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून लॅबला सोयीचा. १९८८ साली जपानी संशोधकांना बीएनपी पहिल्यांदा सापडलं ते डुकराच्या मेंदूत. हृदय ते भरपूर बनवतं, हे मागाहून कळलं.

बीएनपी करतं काय, यावर जरा रेंगाळा. ते मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं, रक्तवाहिन्या सैल करतं. म्हणजे हृदयावरचा भारच हलका करतं. ताणाची खूण आणि ताणावरचा उतारा एकच. रिपोर्ट हाती आल्यावर आपल्याला फक्त खूण दिसते.

आणि आकडा दिसतो. अचानक दम लागलेल्या मोठ्या माणसात एनटी-प्रोबीएनपी ३०० पिकोग्रॅमच्या खाली असलं, तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही, असं डॉक्टर धरतात. निरोगी बाळात पहिल्या दोन दिवसांत तेच ३००० च्या आसपास असू शकतं! महिना उलटला की बहुतेक बाळांत ते दीडशेच्या घरात येतं. तो पहिला आकडा मनात धरा. भीती वाटली तर वाटू द्या. मग विचारा, रक्त घेतलं तेव्हा बाळ किती तासांचं होतं? माझ्या मते रिपोर्टवर हा तास ठळक छापायला हवा. त्याच्यावाचून आकडा मुका आहे.

ट्रोपोनिनची गोष्ट वेगळी. ते हृदयाच्या स्नायूच्या आतलंच. पेशीला इजा झाली की बाहेर झिरपतं. जन्मताना गुदमरलेल्या बाळात ते वाढतं. पण धडधाकट बाळांच्या नाळेच्या रक्तातही ते मोठ्या माणसांपेक्षा थोडं जास्तच आढळतं. एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

काचेच्या पेटीतलं, दिवस न भरलेलं बाळ डोळ्यांपुढे आणा. सिस्टर त्याची टाच ऊबदार करून टोचते, थेंब नळीत उतरतो. वेळेवर जन्मलेल्यांत ती आडवाट बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. याची उघडीच राहिली असेल तर हृदयावर जादा भार पडतो आणि एनटी-प्रोबीएनपीचा आकडा उतरायचं नाव घेत नाही. एकाच आकड्यावर कुणी उपचार ठरवत नाही. इको करतात, बाळाचा श्वास बघतात, पुन्हा रक्त घेतात.

एव्हाना सगळ्यांच्या नजरा बाळावर आहेत. तुमची आता आईकडे वळवा. प्रत्येक कळेसरशी तिच्या गर्भाशयातून ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त तिच्या अंगात परत ढकललं जात होतं, आणि तिचं हृदय ते पेलत होतं. निरोगी बाईत ताणाची ही खूण तरीही फारशी चढत नाही. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजारात, चढते; शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायूच दुबळा पडला, तर खूपच चढते. ‘बाळंतिणीला दम लागायचाच’ असं घरात कुणीतरी म्हणतं. तिला उताणं झोपवत नसेल, रात्री उठून बसावं लागत असेल, पायांवरची सूज वाढत असेल, तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तिच्याही रक्ताची ही तपासणी करायची का, ते विचारा.