सक्तीतली माणुसकी

नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या अनवाणी चढणाऱ्या बायका पाहून एक स्नेही मला म्हणाले, "यांचे उपास मनाचे. तुम्हा कॅथलिकांचे कायद्याचे. कायद्यात कसली आलीय भक्ती?" ते बोलणं मनात सलत राहिलं.

शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, माणसासाठी आहे, हे येशूचं म्हणणं अनेकांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मला बंधन आणि जाच यांतला फरक मोलाचा वाटतो. जाच समोरच्या माणसाकडे पाहत नाही, बंधनाला पाहावंच लागतं. १९८३च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, मिस्सेच्या उपासनेत ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना त्यातून सूट आहे आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. म्हणजे सासूच्या उशाशी रात्र काढून, चहात पाव बुडवून मिस्सेला धावणारी सूनसुद्धा कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती!

पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून असे, पाण्याचा थेंबही वर्ज्य. पोप बाराव्या पायस यांनी १९५३ साली पाण्याला मुभा दिली, १९५७ साली मुदत तीन तासांवर आणली. पोप सहाव्या पॉल यांनी १९६४ साली ती तासावर आणली. पाळी संपवून संध्याकाळच्या मिस्सेला येणाऱ्या कामगारानं दिवसभर उपाशी राहायचं कसं, हा प्रश्न त्यामागे होता. नियम सैल झाला म्हणजे तो मुळातच फोल होता, असं कुणी म्हटलं तर ते म्हणूनच मला अजिबात मान्य नाही. बाळ मोठं झालं की आई अंगडं उसवते, ते काय अंगडं नकोच होतं म्हणून?

पण सारी करुणा सवलतीतच असेल, तर नियम हवा कशाला? इथे मला स्नेह्यांपेक्षा स्वतःशीच जास्त भांडावं लागतं. नियमच नसता, तर त्या सुनेनं खाल्लं काय अन् न खाल्लं काय, कुणी विचारलं असतं? नियम आहे म्हणून तिचं जागरण उपवासाच्या तोडीचं ठरलं. शिवाय मनाचा उपास मन ठिकाणावर असेल तोवरच. घरातलं माणूस गेल्यावर प्रार्थनेचा शब्दही न फुटणाऱ्याला रविवारची मिस्सा चुकवायची नसते, एवढंच कळतं. तेवढ्यावर तो चर्चच्या बाकावर येऊन बसतो. त्याच्या वतीनं बाकीचे प्रार्थना म्हणतात. सवलतींची बाजू मांडायला निघालो होतो. आता मला ही सक्तीच अधिक माणुसकीची वाटते. अट एकच, वेदीवरच्या फादरना तो का गप्प आहे हे माहीत असलं पाहिजे.