वेष, सोंग आणि सामाजिक : विनोदी पात्रांच्या चाहतेपणाचा नैतिक विचार

१

सानपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवात मुलांची वेशभूषा स्पर्धा होते. मराठीचा प्राध्यापक हा अशा स्पर्धांचा हक्काचा परीक्षक असतो, अशी एक समजूत आहे. तिच्यामुळे काही वर्षांपूर्वी ते काम माझ्याकडे आले. शिवाजी महाराज, झाशीची राणी, भाजीवाली ही पूर्वापार सोंगे त्या वर्षी मागे पडली होती. निम्म्याहून अधिक मुले दूरचित्रवाणीवरील विनोदी पात्रे होऊन आली होती. भडक नक्षीचा शर्ट आणि चिकटवलेली मिशी असे दोन जेठालाल होते, गुजराती पद्धतीने पदर घेतलेली एक दया होती. आणि एक मुलगा प्रहसनांतून नेहमी भेटणारा वॉचमन होऊन आला होता. अंगाला दुप्पट मोठा शर्ट, तिरकी टोपी, हातात काठी. त्याने रंगमंचावर खुर्ची ओढली, तो घोरू लागला, शिट्टी फुंकत दचकून उठला आणि पुन्हा झोपला. सभागृह हसून लोटपोट झाले. मीही हसलो आणि पहिले बक्षीस त्याला दिले.

तो शर्ट संस्थेच्या वॉचमनकडून मागून आणलेला होता, हे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी तो धुऊन, इस्त्री करून परत देण्यात आला. मी फाटकातून बाहेर पडत असताना ते मला म्हणाले, "सर, पोरानं झकास केलं. पण मी ड्यूटीवर झोपत नाही हो."

या वाक्याने मला ज्या प्रश्नाकडे नेले त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विनोदी पात्रावर, त्याच्या नटावर आणि त्याच्या पोशाखावर प्रेक्षक जो लोभ करतो त्याला नैतिक अंग आहे काय? असल्यास ते कोठे शोधावयाचे: पात्राच्या चित्रणात, नटाच्या अभिनयात की प्रेक्षकाच्या आस्वादात?

२

चाहतेपणाविषयी अभ्यासकांचा पहिला आक्षेप बहुधा असा असतो की, चाहता नट आणि पात्र यांत गल्लत करतो. नटाला तो भूमिकेच्या नावाने हाक मारतो, त्याच्यासारखा शर्ट शिवून घेतो. अर्थात तो भाबडा आहे. हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. भरताच्या रससूत्रावरील चर्चेत श्रीशंकुकाने चित्रतुरगाचे जे उदाहरण दिले ते येथे उपयोगी पडते. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो. ती प्रतीती खरी नव्हे, खोटी नव्हे, संशयाची नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे. नटाला 'हा राम' म्हणणारा प्रेक्षक याच चौथीपलीकडच्या जागी उभा असतो. दिलीप जोशी यांना 'जेठालाल' म्हणणारे आमच्या संस्थेतील मूलही तेथेच उभे आहे. ते फसलेले नाही. ते आस्वाद घेत आहे.

किंबहुना चाहता हा भेद अभ्यासकापेक्षा अधिक सूक्ष्मपणे जाणतो. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. तिच्यात दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी २०१७ मध्ये मालिकेतून बाहेर पडल्या. त्यानंतर दया पूर्वीसारखी नियमित दिसली नाही, परंतु ती गेली असे कोणी मानले नाही. तिची वाट पाहिली गेली. याउलट तारक मेहता या पात्राचा नट २०२२ मध्ये बदलला, आणि प्रेक्षकांनी कुरकुर करीत का होईना, त्या नावाखाली दुसरा चेहरा स्वीकारला. नट, पात्र आणि त्या दोघांतला धागा असे तीन पदार्थ वेगळे करून त्यांचे वेगवेगळे मोल करणाऱ्या प्रेक्षकाला भाबडा कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बर्गसाँने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक विवेचनात म्हटले की, हसण्यासाठी अंतःकरण क्षणभर बधिर व्हावे लागते. ज्याची कणव येते त्याला आपण हसू शकत नाही. हे खरे मानले तर विनोदी पात्राचा चाहता ही वदतोव्याघाती कल्पना ठरते. परंतु अनुभव तसा नाही. रोज रात्री घरात येणारे पात्र आपण ज्या गोष्टीसाठी हसतो त्याच गोष्टीसाठी आवडू लागते. त्याची फजिती पाहिल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, आणि तरीही त्याचे वाईट व्हावे असे वाटत नाही. बर्गसाँच्या डोळ्यांपुढे रंगमंचावरील तीन तासांचा प्रयोग होता. वर्षानुवर्षे चालणारा शेजार त्याने पाहिला नव्हता. येथे हसणे आणि माया एकमेकांत मुरतात. म्हणून प्रश्न 'चाहता निर्दय आहे काय?' असा नाही. त्याची माया कोणापर्यंत पोहोचते आणि कोठे थांबते, हा प्रश्न आहे.

३

माझ्या मते ती वेषापाशी थांबते, आणि म्हणून वेषाचा विचार आधी केला पाहिजे. अभिनयाच्या चार प्रकारांत आहार्य हा सर्वांत बाह्य. परंतु नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे विभाव सांगताना भरताने विकृत वेष आणि अलंकार यांना अग्रस्थान दिले आहे. अभिनवगुप्ताने पुढे जाऊन हास्याचे मूळ अनौचित्यात दाखविले. जे जेथे शोभत नाही ते तेथे दिसले की हसू येते. येथे एक गोष्ट सहज निसटते. औचित्य हे वेषात नसते. ते वेष, अंग आणि स्थळ यांच्या संबंधात असते. वॉचमनच्या अंगावर त्याचा गणवेष उचितच असतो. तो हास्यास्पद होतो तो दुसऱ्याच्या अंगावर चढल्यावर. आणि एकदा तसा हास्यास्पद झालेला गणवेष मूळ अंगावर परत गेला की पूर्वीइतका उचित राहतो काय?

मराठी प्रेक्षकाने नटांचे वेष पूर्वीही उचलले आहेत. बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची, फुले माळण्याची रीत घरंदाज स्त्रियांनी आत्मसात केली, हे नाट्येतिहासाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ते अनुकरण वरच्या दिशेचे होते. वेष घेणारी व्यक्ती त्या वेषाने काही मिळवू पाहत होती. विनोदी पात्राच्या वेषाची दिशा वेगळी. तो घालून आपण क्षणभर कमी होतो, आणि त्या कमी होण्याचीच गंमत असते. मात्र हे कमी होणे कोणाच्या खात्यावर पडते, यावर सर्व अवलंबून आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्या घरांत पाहिले गेले ती घरे बहुतांशी पांढरपेशी होती, कारण दूरचित्रवाणी संच तेव्हा अशाच घरांत असे. चिमणरावांचा पोशाख हा प्रेक्षकांच्या वडिलांचा किंवा आजोबांचा पोशाख होता. तो घालून कोणी हसविले तर खर्च घरातल्या घरात होत होता. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधील आबांविषयीही असेच म्हणता येईल. शिवाय प्रभावळकरांनी वेष उतरविण्याचीच कला केली. 'हसवाफसवी'त एकाच प्रयोगात सहा भूमिका करणारा नट प्रेक्षकाला सतत बजावतो की, या कपड्यांत कोणी कायमचा राहत नाही.

दुसरी वाट गौरव मोरे यांची. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधून 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून ते लोकांना माहीत झाले. फिल्टरपाडा ही पवईतली कष्टकऱ्यांची वस्ती, आणि ते तेथलेच. ज्या पत्त्याने एरवी माणूस संकोचला असता तो पत्ता त्यांनी बिरुदासारखा मिरविला. येथे हसू वस्तीवरून येते खरे, परंतु ज्याची वस्ती त्याच्याच तोंडून येते. याच्या अगदी उलट टोकाला विनोदी कार्यक्रमांतून सर्रास दिसणारा साडीतला पुरुष आहे. नट गुणी असतात, कित्येकदा निरीक्षणही अचूक असते. परंतु बालगंधर्वांच्या लुगड्याने जे स्त्रीला दिले ते या साडीने तिच्याकडून घेतले जाते, कारण पुरुषाच्या अंगावर ती आली एवढेच तेथे पुष्कळदा विनोदाचे भांडवल असते.

सगळ्याची सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण नीट ऐकली तर तिच्यात दुसरी बाजू दडलेली आहे. पैशाचे सोंग आणता येत नाही, परंतु पैसा नसण्याचे येते, आणि ते ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच परवडते. आमच्या संस्थेतील मुलगा तो शर्ट रात्री उतरवून आपल्या शर्टात परत गेला. शर्टाचा मालक सकाळी त्याच शर्टात कामावर आला.

४

यावर कोणी म्हणेल की, मग विनोदाने कष्टकऱ्यांकडे पाहूच नये काय? तसे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्याला हसता येत नाही अशा माणसाला आपण समाजाबाहेर ठेवतो. विनोदातून वगळणे हेही एक वगळणेच आहे. आमचे वॉचमनही रात्रपाळीत मोबाइलवर हेच कार्यक्रम पाहतात आणि मनापासून हसतात. पात्र कोणत्या वर्गातले आहे, हा निकष पुरेसा नाही.

मी सुचवू पाहतो तो निकष परतीचा आहे. ग्रामीण भागात येणारा बहुरूपी शिपाई होऊन दारात दरडावतो, घरातल्यांना घाबरवतो, आणि मग आपली ओळख सांगून बिदागी मागतो. ओळख सांगणे हा त्याच्या कलेचाच भाग आहे. त्यावाचून ती फसवणूक ठरेल. तमाशातला सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, राजाचीही टोपी उडवतो. त्याचे सोंग वरही जाते. सानपाड्याच्या पुढच्याच स्टेशनावर, वाशीला, विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तेथे प्रयोग संपला की पडदा पडतो, नट वेषातच पण स्वतःच्या नावाने समोर येऊन वाकतो, आणि आपण ती गाठ सोडवून घरी परततो. दूरचित्रवाणीत हा क्षण नाही. पात्र उद्या पुन्हा येणार असते. दिवाणखान्याला पडदा नाही. म्हणून वेष उतरविण्याचे जे काम पूर्वी नट करीत असे ते आता प्रेक्षकावर येऊन पडले आहे. संस्कृत साहित्यशास्त्राने प्रेक्षकाला 'सामाजिक' हे नाव दिले. त्या शब्दाचा आजचा अर्थही येथे लागू व्हावा, असे मला वाटते. पात्रावर लोभ करताना ते ज्याच्या अंगावरून उचलले त्याच्यापर्यंत नजर परत नेणे, आणि तो तसा आहे काय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, ही चाहत्याची नैतिकता.

या निकषावर त्या संध्याकाळचा विचार केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मुलांनी ज्या मालिकेतून जेठालाल आणि दया उचलली तिच्यात आत्माराम भिडे नावाचे एक पात्र आहे. ते मराठी आहे, शिकवण्या घेते, पैशापैशाचा हिशेब ठेवते आणि गोकुळधाम संस्थेचे सेक्रेटरी आहे. आमची वस्ती मराठी, आमच्यांत शिक्षक अनेक, आणि आमचे सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसले होते. भिडे होण्यासाठी लागणारा साधा सदरा प्रत्येक घरात होता. एकही मूल भिडे होऊन आले नाही, आणि कोणाही आईबापाला ते सुचले नाही. मला, एका शिकवणाऱ्याला, परीक्षक म्हणून त्याची उणीवही जाणवली नाही. घरातला शर्ट खुंटीवर ठेवून आम्ही फाटकावरचा मागून आणला होता. वॉचमनच्या मुलीला सेक्रेटरी होऊन त्या रंगमंचावर येता आले असते काय, आणि आम्ही तिलाही तेवढेच हसून बक्षीस दिले असते काय? ती सभागृहाच्या दाराशी उभी होती. स्पर्धा संस्थेच्या सभासदांच्या मुलांसाठी होती.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याचे घोरणे अप्रतिम होते. दोष असेल तर तो आस्वादकाचा, आणि त्यातही ज्याने आस्वादाचा व्यवसाय केला त्याचा अधिक.

त्यानंतरही वॉचमन आमच्याशी पूर्वीसारखेच बोलतात. एवढाच फरक झाला आहे: शेवटच्या लोकलने मी उशिरा परतलो की पूर्वी ते खुर्चीत बसूनच हात करीत; आता मी फाटकाजवळ येण्याआधीच उठून उभे राहतात.