तहारत आणि मुलाची अब्रू



हजरत सलमान फारसी (रजि.) यांना काही विरोधकांनी एकदा टोमणा मारला की तुमचे प्रेषित तुम्हाला सगळेच शिकवतात, अगदी शौचाला कसे जावे हेदेखील. सलमान (रजि.) ओशाळले नाहीत. हो, शिकवतात, असे म्हणून त्यांनी ते नियम एकेक करून सांगितले: किब्ल्याकडे तोंड करू नये, उजव्या हाताने स्वच्छता करू नये, तीनपेक्षा कमी दगड वापरू नयेत. सहीह मुस्लिममधील ही हदीस आम्ही मदरशात तहारतीच्या प्रकरणात वाचली. सुनन अबू दाऊदमध्ये याच विषयावर आणखी एक रिवायत आहे. तिच्यात प्रेषित मुहम्मद (स.) शौचाचे नियम सांगण्यापूर्वी श्रोत्यांना सांगतात की मी तुमच्यासाठी पित्याच्या जागी आहे आणि तुम्हाला शिकवतो. म्हणजे नियमाच्या आधी नाते सांगितले गेले. या क्रमाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले, आणि ते जाण्यापूर्वी माझ्या हातून एका मुलाचे मन दुखावले गेले.

मी केडगावात इमामत करतो. आमच्या जमातीत एक मूल होते, आठ-नऊ वर्षांचे. त्या घराची ओळख पटू नये म्हणून याहून अधिक सांगत नाही. पुणे रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न ऐकू आला की ते कानांवर हात ठेवून खाली बसे. वुजूखान्यात सगळे नळ एकदम सुरू झाले की ते दाराबाहेरच उभे राही. एके दिवशी असरच्या नमाजीत त्याची विजार ओली असल्याचे शेजारच्या बुजुर्गांच्या ध्यानात आले. त्यांनी तक्रार केली आणि मी चारचौघांत त्याच्या वडिलांना म्हणालो, "आधी याला पाकी शिकवा, मग मशिदीत आणा." मसला सांगितल्याचे समाधान मला तेव्हा वाटले. वडिलांनी मान हलवली, मुलाचा हात धरला आणि ते निघून गेले. मूल पुन्हा आले नाही. काही दिवसांनी वडीलही यायचे थांबले.

बऱ्याच उशिरा मी त्यांच्या घरी गेलो. मुलाची आई दाराआडून बोलली. आवाजात राग नव्हता; असता तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, "मौलाना, त्याला घाण आवडत नाही. त्याला पाणी टोचतं."

हे वाक्य समजून घेण्यासाठी मला पुष्कळ विचारावे आणि वाचावे लागले. आपण पाच संवेदना मोजतो. पण शरीराचा तोल, हातपाय नेमके कुठे आहेत याचे भान, आणि पोटात काय चालले आहे याची जाणीव, याही संवेदनाच आहेत. काही मुलांच्या मेंदूत या संवेदनांचे गणित निराळे असते. मूत्राशय भरल्याची खूण एखाद्याला कळतच नाही, किंवा अगदी शेवटच्या क्षणी कळते. दुसऱ्याला नगरच्या थंडीतले टाकीचे पाणी खरोखर सुईसारखे टोचते. फ्लशचा आवाज, फिनेलचा वास, ओली घसरडी फरशी, उकिडवे बसताना जाणारा तोल, आणि जिथे नजर पोचत नाही तिथे हात नेऊन स्वच्छ करणे, यांतली प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी एक डोंगर असू शकते. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हे वारंवार आढळते. ऑटिझम नसलेल्या काही मुलांतही आढळते. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी 1972 साली या विषयावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे तर त्याही आधी, 1950 साली, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, देशातील पहिले विद्यालय सुरू केले होते. खाणे, कपडे घालणे, शौचाला जाणे अशी रोजची कामे माणसाला स्वतःची स्वतः करता यावीत, हे या शास्त्राचे प्रमुख उद्दिष्ट आहे.

आता प्रश्न असा की, शरीअत अशा मुलाविषयी आपल्याकडून काय अपेक्षिते?

मशिदीत लघवी करणाऱ्या ग्रामीण अरबाची हदीस आपल्याला ठाऊक आहे. मीही ती अनेक जुम्यांना सांगितली आहे. लोक त्याच्यावर धावले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्याला मध्येच अडवू नका असे सांगितले, त्याचे पूर्ण होऊ दिले. मग पाण्याची बादली मागवून ती जागा धुवून घेतली. आणि मग त्याला जवळ घेऊन सांगितले की मशिदी या कामासाठी नसतात. तुम्हाला सोपे करण्यासाठी पाठवले आहे, अवघड करण्यासाठी नव्हे, असे सहाबांना बजावले. यातील क्रम पाहा. आधी माणसाच्या शरीराची काळजी, मग फरशीची सफाई, आणि शेवटी शिकवण, तीही मृदू शब्दांत. फरशी धुण्याचे काम त्या माणसावर टाकले गेले नाही. आपल्या घरांत क्रम उलटा असतो. आधी ओरडणे, मग फरशी, आणि मूल सर्वांत शेवटी. माझ्या मशिदीत तर मुलाची पाळी आलीच नाही.

काही पालक म्हणतील, मुलांना सातव्या वर्षी नमाजीचा आदेश द्या आणि दहाव्या वर्षी कडक व्हा, अशीही हदीस आहे. निश्चित आहे. पण हिशेब करून पाहा. सात ते दहा ही तीन वर्षे होतात. दिवसाच्या पाच नमाजी धरल्या तर पाच हजारांहून अधिक वेळा प्रेमाने सांगून झाल्याशिवाय कडकपणाचा विषयच निघत नाही. आणि तो कडकपणाही जो करू शकतो पण टाळतो त्याच्यासाठी आहे. ज्याच्या शरीराने खूणच दिली नाही, त्याने काय टाळले? कुरआन सांगतो की अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (सूरह अल्-बकरा, 286). अजाण मुलावरून लेखणी उचलली गेली आहे, म्हणजे त्याच्या नावे गुन्हा लिहिला जात नाही, हेही हदीसमध्ये आहे. जे अल्लाहच्या दरबारी लिहिले जात नाही, ते आपण मुलाच्या मनावर मात्र कोरून ठेवतो.

मग मुलाला तसेच राहू द्यावे काय? त्याचे आपणच सगळे करून टाकावे काय? इथे दुसरी चूक उभी आहे, आणि ती मायेच्या वेषात येते. आईने धुतले की काम दोन मिनिटांत होते, कपडे पाक राहतात, घरात शांतता राहते. पण त्याच आईने मला पुढे विचारले, "मी नसेन तेव्हा याला कोण धुणार?" या प्रश्नावर मी अनेक रात्री विचार केला आहे.

फिक्हमध्ये सतर झाकणे फर्ज आहे. दुसऱ्याचे लज्जास्थान पाहणे वा त्याला हात लावणे मना आहे. असमर्थाला मदत करताना ही मनाई शिथिल होते, कारण ती जरूरत आहे. पण फुकहांनी याबरोबर एक नियम सांगितला आहे: जरूरतीमुळे मिळालेली सवलत जरूरतीच्या मापाचीच असते. हा नियम आपल्या विषयाला लावा. मूल लहान असते तोवर प्रश्न नाही. पण ते सहा, आठ, दहा वर्षांचे होत जाते, तसतशी जी पायरी ते स्वतः करू शकते, त्या पायरीवर आपल्या हाताची सवलत संपते. ज्या दिवशी ते स्वतः विजार वर ओढू शकते, त्या दिवसापासून विजार ओढणे त्याचा हक्क आहे. स्वावलंबन ही शहरी सुशिक्षितांची हौस आहे असे कोणी समजू नये. त्या मुलाची सतर त्याच्या स्वाधीन करणे, हे त्याचे आपल्यावरील देणे आहे.

यात सुरक्षिततेचाही भाग आहे. कोणीही येऊन आपले कपडे उतरवू शकते अशी सवय ज्या मुलाला लागली, त्याला वाईट हात ओळखता येत नाही. म्हणून मदत करणारी माणसे एक-दोनच आणि ठरलेली असावीत, दार बंद असावे, आणि हात लावण्यापूर्वी त्याला सांगावे, विचारावे. सूरह अन्-नूरमध्ये (आयत 58) मुलांनाही तीन वेळी मोठ्यांच्या खोलीत परवानगी घेऊन येण्यास शिकवले आहे. आपल्या एकांताचा आदर मुलाने करावा असे वाटत असेल, तर त्याच्या एकांताचा आदर त्याने आधी आपल्याकडून अनुभवला पाहिजे.

यावर एक रास्त शंका येते. मूल स्वतः करू लागले की सुरुवातीला अपुरे करणार. मग पाकीचे काय? याचे उत्तर शरीअतीनेच देऊन ठेवले आहे. कुबाच्या लोकांची स्वच्छतेसाठी कुरआनात प्रशंसा आली (सूरह अत्-तौबा, 108), आणि ते पाण्याने शुद्धी करीत असे रिवायतींत आहे. पाणी ही फजिलत आहे. पण केवळ दगड-ढेकळांनी पुसून होणारी शुद्धीही मान्य केली गेली, आणि कोरडे पुसल्यावर जो सूक्ष्म अंश राहतो तो माफ धरला गेला. म्हणजे तहारत ही शिडी आहे. ज्या मुलाला पाणी टोचते त्याने पहिल्या पायरीवर कागद वापरला, पुढे ओला मऊ कपडा, मग कोमट पाण्याचा लहान लोटा, आणि वर्षभराने नळ, तर यात दीनची कोणतीही सीमा ओलांडली जात नाही. त्याची अपुरी पण स्वतःची पाकी मोठ्या माणसाने नंतर एकदा तपासून पूर्ण करावी. तपासणे आणि हिसकावून घेणे यांत फरक आहे.

ज्या घरांत हे घडते आहे, त्यांच्यासाठी काही उपयोगी गोष्टी. प्रथम डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा मुळाशी बद्धकोष्ठ असते. मल साचून थोडा थोडा गळतो आणि आपण त्याला खोडी समजतो. जेवणानंतर आतडी आपोआप हालचाल करतात, म्हणून जेवणानंतर थोड्या वेळाने रोज बसवा, पाच मिनिटेच. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. उकिडवे बसायचे असेल तर धरायला भिंतीत दांडी बसवा. पाणी कोमट करा. फ्लश मूल बाहेर आल्यावर ओढा. मागे हात नेण्याचा सराव कपडे अंगावर असतानाच होतो: सदऱ्याच्या मागे कपड्यांचा चिमटा लावा आणि त्याला तो न पाहता काढू द्या. फरशीच्या तुकड्यावर ओली माती लावून ती कागदाने पुसायला द्या, कागद स्वच्छ निघेपर्यंत. शिकवताना शेवटून सुरुवात करा. आधी सगळे आपण करावे आणि हात धुणे तेवढे त्याने. ते जमले की विजार ओढणे आणि हात धुणे. असे एकेक पाऊल मागे यावे. यामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होते आणि ते यशावर संपते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या मुलांना ठरलेला क्रम आवडतो. डावा पाय आत, आधी दुआ, डाव्या हाताने स्वच्छता, उजवा पाय बाहेर, मग दुआ: सुन्नतने हा क्रम आपल्याला आधीच दिला आहे. त्याची सहा-सात चित्रे काढून दारावर लावा. आपण ज्यांना आदाब म्हणून पाठ करतो, त्या पायऱ्या अशा मुलाला हात धरून नेतात.

मदत मागण्यात संकोच नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमसह 21 प्रकारांची नोंद आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, शाळेत विशेष शिक्षकांविषयी विचारा. मुलाची अडचण लपवणे म्हणजे सतर राखणे नव्हे.

आणि मशिदींच्या विश्वस्तांना एक विनंती. बुजुर्गांचे गुडघे दुखू लागले तेव्हा आपण खुर्च्या आणल्या, कमोड बसवले. कोणी वाद घातला नाही. मशिदीची पाकी राखणे आवश्यकच आहे. मग एका कोपऱ्यात मंद धारेचा एक नळ, हिवाळ्यात थोडे कोमट पाणी आणि एक जादा विजार ठेवणे एवढे जड का वाटावे? गुडघ्यांसाठी जे केले ते कानांसाठी आणि त्वचेसाठीही करता येईल.

मी त्या वडिलांची माफी मागितली, जिथे बोललो होतो तिथेच, चारचौघांत. आता बापलेक असरला येतात. गर्दी होण्याआधी दहा मिनिटे मूल कोपऱ्यातल्या नळावर बसते. निम्म्या वेळा अजून चुकते. परवा ते आतून कडी लावून बराच वेळ राहिले. वडील दाराशी घुटमळत होते, हात कडीकडे जात होता आणि मागे येत होता. मी त्यांना म्हणालो, "त्याचं पूर्ण होऊ द्या."

अल्लाह आपल्या मुलांना पाकी आणि आपल्याला सब्र देवो. आमीन.